गिटार, रोहित्र आणि एक छोटी पेटी

१९५१ साली अमेरिकेत लिओ फेंडर यांची विद्युत बेस गिटार बाजारात आली. तिच्या सर्वांत जाड तारेची कंपने सेकंदाला सुमारे ४१. स्टुडिओत हा आवाज टिपण्यासाठी स्पीकरसमोर मायक्रोफोन ठेवावा लागे. त्यात शेजारचे ड्रमही मिसळत. मग गिटार सरळ ध्वनिमुद्रणाच्या कन्सोललाच का जोडू नये?

अडचण होती इंपीडन्सची, म्हणजे प्रत्यावर्ती प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाची. गिटारच्या पिकअपमध्ये चुंबकाभोवती बारीक तारेचे हजारो वेढे असतात. त्याचा इंपीडन्स मोठा. कन्सोलचा मात्र हजारभर ओहम. असा भार पडला, की आवाज दबतो.

१९६० च्या दशकात डेट्रॉइटच्या मोटाउनमध्ये आणि लंडनच्या ॲबी रोडवरील ई.एम.आय. स्टुडिओत तंत्रज्ञांनी मध्ये एक पेटी बसवली. तिच्यातले मुख्य तत्त्व आपल्या ओळखीच्या रोहित्राचे. वेढ्यांचे गुणोत्तर १२:१ असेल, तर व्होल्टता १२ पट घटते. इंपीडन्स मात्र १२ च्या वर्गाने, म्हणजे १४४ पटींनी बदलतो. १००० ओहमचा कन्सोल गिटारला १,४४,००० ओहमचा भासतो! हीच डी.आय. पेटी. पुढे ट्रान्झिस्टरच्या प्रीॲम्प्लिफायरांनी हा आकडा १० लाख ओहमवर नेला.

भारी पेटी निवडतानाही किमतीआधी हा आकडा पाहावा. पेटी रोहित्राची असेल, तर गाभाही पाहावा. व्होल्टता तीच ठेवून कंप्रता कमी केली, तर गाभ्यात चुंबकीय प्रवाह वाढतो. गाभा लहान असेल, तर तो संपृक्त होतो आणि नेमका खर्जच बिघडतो.

असे का होते, हे फॅरडेच्या नियमावरून मुलांना शोधू द्या.