कागदामागचा माणूस



गेल्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. गावात त्याचे छोटे किराणा दुकान आहे. दुकानात फ्रीज ठेवायचा म्हणून त्याने मोबाईलवरून कर्जाचा अर्ज केला. पाच मिनिटांत उत्तर आले, नामंजूर. मी विचारले, "कारण काय सांगितलं?" तो म्हणाला, "काहीच नाही जी गुरुजी. विचारायला तिथं माणूसच नाही."

या मुलाने आजवर कुणाचे पैसे बुडवले नाहीत. वीस वर्षे ठोक व्यापाऱ्याला रोख पैसे मोजले. पण बँकेचे कर्ज कधी घेतलेच नाही, म्हणून त्याच्या नावाची पतनोंदही नाही. यंत्राने नोंद शोधली, सापडली नाही, विषय संपला. निदान मला तरी तसेच वाटते, कारण खरे कारण त्याला कुणी सांगितलेच नाही.

मी इतिहास शिकवायचो. त्यामुळे मला आठवले ते १८७५ साल. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१ ते ६५) आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. सावकारांनी हात सैल सोडला. युद्ध संपले, भाव कोसळले, आणि वर शेतसाराही वाढला. त्यात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने दाव्याला तीन वर्षांची मर्यादा घातली होती. हेतू शेतकऱ्याच्या रक्षणाचा होता. झाले उलटेच. दर तीन वर्षांनी सावकार व्याज मुद्दलात मिळवून नवे कर्जरोखे लिहून घेऊ लागला. कोर्टात दावा गेला की न्यायाधीश रोखा पाहायचे, अंगठा पाहायचे. शेतकरी बहुधा हजरच नसे. निकाल एकतर्फी लागे. प्रत्यक्ष हातात किती रुपये पडले होते, हे विचारणारे कुणी नव्हते.

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी लोक उठले. लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही, की दंगेखोरांचा रोख माणसे मारण्यापेक्षा कर्जरोखे आणि खातेवह्या जाळण्यावर होता. ज्या कागदाने त्यांना बोलू दिले नाही, त्या कागदावरच त्यांचा राग होता.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. या कायद्याने न्यायाधीशाला रोख्याच्या मागे जाऊन पाहायला सांगितले. व्यवहार कधी सुरू झाला, मुद्दल किती, व्याज किती, हे मुळापासून तपासायचे. कुळाची स्वतःची साक्ष घ्यायची. तडजोडीसाठी सलोखेदारही नेमले गेले. न्यायमूर्ती रानडे यांनी या कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केले होते.

हा कायदा पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी होता. आपला भाग तेव्हा भंडारा जिल्ह्यात, म्हणजे मध्यप्रांतात. मध्यप्रांतात कर्जतडजोडीचा कायदा १९३३ साली आला. त्यात मंडळासमोर सावकार आणि कुळ दोघांना बसवून हिशेब मिटवायची सोय होती.

आता कुणी म्हणेल, गुरुजींना सगळे जुने ते सोने वाटते. तसे नाही. १८७९ च्या कायद्यानंतर पुष्कळ सावकारांनी कर्ज देणे आखडते घेतले, काहींनी गहाणाऐवजी खरेदीखत लिहून घ्यायची पळवाट काढली. आणि ओळखीवर चालणारी उधारीही सगळ्यांना सारखी मिळत नसे. दुकानदार जात पाहायचा, घराणे पाहायचा. यंत्र निदान चहाच्या कपावर वशिला लावू देत नाही. पण जुन्या नोंदींवर शिकलेले यंत्र त्या नोंदींतला पक्षपातही शिकते, हे विसरू नये.

म्हणून मला दोन्ही हवेत. आमच्या गोंदियाच्या राईस मिलमध्ये तांदळातला काळा दाणा यंत्र क्षणात वेगळा काढते, डोळ्यांना ते जमणार नाही. पण दाणा काही तक्रार करत नाही. माणूस करतो, आणि ती ऐकायला माणूस लागतो. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या समितीने ऑगस्ट २०२५ मध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल सात सूत्रे मांडली. त्यांतही माणूस आधी, जबाबदारी कुणाची ते ठरलेले हवे आणि निर्णय समजण्यासारखा हवा, अशा गोष्टी आहेत. मला ते वाचून १८७९ ची आठवण झाली.

त्या मुलाला घेऊन मी एका पतसंस्थेत गेलो. साहेबांनी आधी संगणकच पाहिला. मग म्हणाले, "मालाची बिलं आहेत का?" त्याने पिशवीतून वीस वर्षांच्या बिलांचा गठ्ठा काढला. साहेबांनी अर्धा तास चाळला. मागितले त्याच्या निम्मे कर्ज मंजूर झाले. निम्मेच का, तेही त्यांनी समजावून सांगितले. मुलगा कुरकुरला नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांची खातेवही किंवा जुना रोखा असेल तर जरूर कळवा. मला पाहायला आवडेल.