ब्राउझर बदलले, मराठी कुठे अडली?

ब्राउझरची नवी आवृत्ती आली की जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररी मोडते, ही समजूत इतकी रुळली आहे की तिच्याकडे कुणी पुरावा मागत नाही. मराठी टंकलेखनाच्या साधनांचा वीस-बावीस वर्षांचा इतिहास पाहिला तर मात्र ती अर्धीच खरी ठरते. मे १९९५मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी अवघ्या दहा दिवसांत लिहिलेली जावास्क्रिप्ट ही भाषा आजही आपल्या जन्मखुणा अंगावर वागवते. रिकाम्या मूल्याचा प्रकार विचारला तर ती अजून ‘ऑब्जेक्ट’ असे धडधडीत चुकीचे उत्तर देते. ही चूक दुरुस्त करण्याचा प्रस्ताव आला होता. पण त्या चुकीवर विसंबलेली पाने बंद पडतील म्हणून तो मागे पडला. चुकाही जपून ठेवण्याइतका सोवळेपणा ज्या धंद्यात आहे, तिथे नव्या आवृत्तीने जुने मोडणे हा नियम असू शकत नाही. तरीही मराठीची कितीतरी साधने मोडली, हे खरेच आहे. माझ्या मते ती मोडली याची कारणे दोनच. एक तर ती प्रमाणित नसलेल्या, उसन्या सोयींवर उभी होती, आणि दुसरे म्हणजे त्यांना सांभाळणारे कुणी उरले नाही.

उसन्या सोयीचा पहिला दाखला जावास्क्रिप्टच्या टंकन-साधनांच्याही आधीचा, फॉन्टचा आहे. १९९७च्या सुमारास इंटरनेट एक्स्प्लोरर ४ने पानासोबत फॉन्ट पाठवण्याची सोय आणली आणि नेटस्केप ४ने तीच सोय वेगळ्या तंत्राने आणली. त्या वेळी देवनागरीची युनिकोड संकेतावली तयार होती, पण सामान्य संगणकावर ती नीट दिसत नव्हती. म्हणून मराठी संकेतस्थळांनी ‘डायनॅमिक फॉन्ट’चा आधार घेतला. इंग्रजी अक्षरांच्या संकेतांवर देवनागरी आकार चढवायचे आणि वाचकाच्या ब्राउझरला चकवायचे, अशी ती युक्ती होती. नेटस्केपने पुढच्या पिढीत आपले तंत्र सोडले, एक्स्प्लोररचे तंत्र दुसऱ्या कुणी उचलले नाही आणि फायरफॉक्समध्ये ती पाने अगम्य इंग्रजी अक्षरांची रांगोळी होऊन उघडू लागली. दोष नव्या ब्राउझरवर आला. खरे तर ती सोय मुळातच एकेका कंपनीची होती.

युनिकोड दिसू लागल्यावर प्रश्न उरला लिहिण्याचा. २००४मध्ये सुरू झालेल्या ‘मनोगत’ या संकेतस्थळाने पानावरच देवनागरी टंकण्याची सोय दिली. ॐकार जोशी यांच्या ‘गमभन’ या जावास्क्रिप्ट साधनाने तशी सोय इतर मराठी संकेतस्थळांच्याही हाती आली. या साधनांचे काम वरून दिसते तेवढे सोपे नाही. खालापूर तालुक्यातल्या, जुन्या मुंबई-पुणे महामार्गावरच्या लोधिवलीचे नाव रोमन कळांनी लिहायचे आहे असे समजा. ‘लो’ नंतर डी दाबला की ‘द्’ उमटतो. लगेच एच आला की तो ‘द्’ मागे जाऊन पुसायचा आणि तिथे ‘ध्’ ठेवायचा. मग आय आला की पुन्हा मागे जाऊन त्याचा ‘धि’ करायचा. म्हणजे कर्सर नेमका कुठे आहे, हे लायब्ररीला प्रत्येक कळीला ठाऊक असावे लागते. आणि ब्राउझरांचे त्या काळात नेमके इथेच जमत नव्हते. एक्स्प्लोरर कर्सरची जागा आपल्या खास पद्धतीने सांगे, तर फायरफॉक्स दुसऱ्या पद्धतीने. कळ दाबल्याची खबर द्यायच्या रीतीही दोघांच्या निराळ्या होत्या.

या फरकाशी दोन प्रकारे वागता येत होते. पहिला प्रकार सोय आहे का ते विचारण्याचा, दुसरा ब्राउझरचे नाव विचारून बाकीचे गृहीत धरण्याचा. दुसरा मार्ग आळशी माणसाचा, म्हणूनच लोकप्रिय. त्याची फळे मजेदार आहेत. एफसीकेएडिटर हा तेव्हा असंख्य संकेतस्थळांवरचा लेखन-चौकोन. एक्स्प्लोररची आवृत्ती वाचताना त्याच्या लेखकाने एकच अंक गृहीत धरला होता. २०१२मध्ये एक्स्प्लोरर १० आला आणि तो वाचता न आल्याने चौकोन उघडेनासा झाला. ऑपेराने तर २००९मध्ये दहावी आवृत्ती आणताना आपले वय चोरले. जगभरच्या पानांवरचे प्रोग्रॅम १० हा आकडा १ असा वाचतात हे लक्षात आल्यावर तो ब्राउझर स्वतःला ९.८० म्हणवू लागला. २०१३च्या एक्स्प्लोरर ११ने कर्सर सांगण्याची आपली जुनी खास पद्धत काढून टाकली आणि पानांना आपले नाव कळवणाऱ्या मजकुरातूनही आपली जुनी ओळख पुसली, जेणेकरून नाव पाहून वागणारे प्रोग्रॅम निदान प्रमाणित वाटेला लागतील. त्याच वर्षी जेक्वेरी या जावास्क्रिप्ट लायब्ररीनेही १.९ आवृत्तीत ब्राउझर ओळखण्याची आपली सोय बंद केली. ज्यांनी सोय विचारली होती, त्यांची साधने या उलथापालथीत चालत राहिली.

दुसऱ्याच्या जमिनीत बांध घातला की मोजणीच्या दिवशी भांडण होते, तसे मूटूल्सचे झाले. या लायब्ररीने भाषेच्या स्वतःच्या यादी-प्रकारात ‘फ्लॅटन’ नावाची सोय घुसवली होती. २०१८मध्ये त्याच नावाची अधिकृत सोय फायरफॉक्सच्या चाचणी आवृत्तीत आली आणि मूटूल्सवर चालणारे एक लोकप्रिय संकेतस्थळ बिघडले. माघार कुणी घेतली? भाषेच्या समितीने. अधिकृत सोयीचे नाव ‘फ्लॅट’ करण्यात आले. अतिक्रमण करणाऱ्याला एवढी उदार वागणूक आपल्याकडच्या महसूल खात्यातही मिळत नसेल.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. प्रमाण पाळणारी साधनेही मोबाइलवर बंद पडलीच की! अँड्रॉइडच्या क्रोममध्ये पडद्यावरच्या कीबोर्डवरून टंकताना ‘कीप्रेस’ ही घटना येत नाही आणि कळीच्या संकेताऐवजी बहुतेक वेळा २२९ हा एकच आकडा हाती पडतो. तो कीबोर्ड अक्षरे आधी स्वतःकडे जुळवतो, शब्द सुचवतो आणि मग पानाला देतो. ‘धि’ला ‘ध्’पासून घडवणाऱ्या लायब्ररीला मधल्या पायऱ्या दिसतच नाहीत. हे नुकसान खरे आहे, मला ते नाकारायचे नाही. पण ‘कीप्रेस’ ही घटना ब्राउझरांनी परस्पर रुळवलेली होती. तिला उशिरा प्रमाणात घेतले ते ‘वापरू नका’ असा शेरा मारूनच. शिवाय चौकोनातला मजकूर बदलल्याची स्वतंत्र खबर ब्राउझर मोबाइलवरही देतो. त्या खबरीवर साधन नव्याने बेतता येते. मात्र ते बेतायला कुणीतरी माणूस हवा.

आणि इथेच दुसरे कारण येते. गूगलने २०११च्या मे महिन्यात आपली लिप्यंतराची प्रोग्रॅमिंग सेवा मोडीत निघत असल्याचे जाहीर केले. कुठल्याही ब्राउझरने ती मोडली नव्हती, मालकाला नको होती एवढेच. उलट विकिपीडियाचे उदाहरण पाहा. भारतीय भाषांसाठी तिथे आधी ‘नारायम’ हे साधन होते. २०१३मध्ये त्याची जागा ‘जेक्वेरी डॉट आयएमई’ने घेतली आणि त्यात मराठीचे लिप्यंतर व इनस्क्रिप्ट असे दोन्ही मांडणीप्रकार आले. पुढे २०१७मध्ये विकिपीडिया ज्यावर चालतो त्या मीडियाविकीने जेक्वेरीची तिसरी पिढी स्वीकारली, तरी ते साधन आजही संगणकावर चालते. ते चमत्कारिक हुशारीने लिहिले आहे असे नाही. त्याच्या मागे पगारी माणसे आहेत, उघडा स्रोत आहे आणि बिघाडाची नोंद करायला जागा आहे. एकहाती, फावल्या वेळात उभ्या राहिलेल्या मराठी साधनांना यातले काही मिळाले नाही, आणि तो त्यांच्या कर्त्यांचा दोष नव्हे.

आता कुणी म्हणेल, विंडोज १०ने २०१९पासून मराठीचा ध्वनिआधारित कीबोर्ड दिला, फोनवर तर तो आहेच, मग पानावरच्या लायब्ररीची गरज काय? घरी स्वतःचा संगणक असणाऱ्याला ती नसेल. पण सातबारा पाहण्याच्या सरकारी संकेतस्थळावर गट क्रमांक ठाऊक नसेल तर खातेदाराचे नाव मराठीतच लिहून शोधावे लागते. अशा वेळी दुसऱ्याच्या संगणकासमोर बसलेल्या माणसाला कीबोर्ड बदलायचे अधिकार असतीलच असे नाही. म्हणून मराठी टंकायला लावणारे पान ज्या खात्याचे, त्याने निविदेत दोन कलमे घालावीत. पानावरच्या प्रत्येक लायब्ररीचा स्रोत उघडा असावा, आणि तिच्या देखभालीचा खर्च वर्षागणिक वेगळा मांडलेला असावा. त्या खर्चातून साधन आधीच तपासून घेणे अवघड नाही: क्रोम आणि फायरफॉक्सच्या नव्या आवृत्त्या सध्या साधारण चार आठवड्यांनी येतात, आणि दोघांच्याही चाचणी आवृत्त्या काही आठवडे आधी कुणालाही फुकट उतरवून घेता येतात.