ऐरणीवरचा हिरा आणि मावळातली गार

श्रोतेहो, घोरावाडीचा डोंगर मावळच्या माणसाला दोन नात्यांनी ओळखीचा आहे. एक नाते त्याच्या कातळात कोरलेल्या बौद्ध लेण्यांचे; त्यांतल्याच एका लेण्यात पुढे महादेवाची स्थापना झाली. दुसरे नाते तुकोबांचे. भंडारा, भामचंद्र आणि घोरावाडा या डोंगरांवर ते एकांतात बसत, असे परंपरा सांगते. ऐरणीवर घणाचे घाव सोसून जो टिकेल तो खरा हिरा, बनावटीचा असेल त्याचा चुरा होईल, हा तुकोबांचा दृष्टांत आपल्या शाळाशाळांतून शिकवला जातो. पण एखाद्याने तो शब्दशः खरा मानून घरातला हिरा ऐरणीवर ठेवला, तर काय होईल?

उत्तरासाठी हिऱ्याशेजारी आपल्या मावळातली गार ठेवून पाहू. हीच गार स्वच्छ आणि पैलूदार निघाली, की तिला आपण स्फटिक म्हणतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी सह्याद्रीचा कातळ लाव्हारसातून बनला. त्यात राहिलेल्या पोकळ्यांत पुढे पाण्याबरोबर सिलिका आली, साचली आणि तिची गार झाली. हिरा जन्मतो जमिनीखाली दीडशे किलोमीटर किंवा त्याहून खोल. तो कोळशातल्याच कार्बनचा बनलेला असतो. इंग्लंडात स्मिथसन टेनंट यांनी १७९७ साली हिरा जाळून हे सिद्ध केले.

आता कठीणपणा बघा. १८१२ साली मोज या जर्मन शास्त्रज्ञाने खनिजांची दहा पायऱ्यांची शिडी मांडली. तिच्यात गार सातवी, हिरा दहावा. काच गारेच्याही खाली. म्हणून "काच कापली, म्हणजे हिराच" असे कोणी सांगितले तर फसू नका. गारगोटीसुद्धा काचेवर ओरखडा काढते.

पण ओरखडा न पडणे वेगळे आणि घाव सोसणे वेगळे. हिरा ठरावीक चार दिशांनी सहज दुभंगतो. जुने कारागीर याचाच फायदा घेऊन त्याचे तुकडे पाडीत. गारेला अशा सोयीच्या दिशा नाहीत. ती वेडीवाकडी फुटते. घणाखाली मात्र दोघांचीही गत एकच!

मग हा समज आला कुठून? तो फार जुना आहे. पहिल्या शतकात रोमच्या प्लिनीने लिहिले, की हिऱ्यावर घाव घातला तर घणच फुटतो. आपल्याकडे हिऱ्याला नाव मिळाले वज्र, म्हणजे इंद्राचे शस्त्र. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने तर उत्तम हिरा पाण्यावर तरतो असेही म्हटले. प्रत्यक्षात हिरा पाण्याच्या साडेतीन पट जड, आणि गार सुमारे पावणेतीन पट. नावाचा महिमा दगडाला चिकटला तो असा.

गारेच्या वाट्याला दुसरा मान आला, निर्मळपणाचा. जपमाळ स्फटिकाची असते. १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप उघडला, तेव्हा एकात एक ठेवलेल्या करंडकांत एक स्फटिकाचा होता.

तर मग तुकोबा चुकले का? मुळीच नाही. ते पारख सांगत होते माणसाची. संकटाच्या घणाखाली कोण टिकतो याची. शिक्षकबंधूंनो, अभंग शिकवताना हा भेद मुलांना जरूर सांगा. माणूस प्रसंगाच्या ऐरणीवर पारखावा. आजीच्या कुडीतला खडा मात्र जाणत्या जवाहिऱ्याकडेच न्यावा.