स्थिर कॅमेरा आणि ताऱ्यांच्या रेषा

अंधाऱ्या रात्री ट्रायपॉडवर घट्ट बसवलेल्या कॅमेऱ्याची झडप बराच वेळ उघडी ठेवली, की चित्रात तारे ठिपक्यांच्या रूपात न उमटता कंसाकार रेषांच्या रूपात उमटतात. या रेषांना छायाचित्रकार ‘स्टार ट्रेल’ म्हणतात, आणि थंडीच्या दिवसांत एखाद्या माळावर किंवा गडावर रात्र जागून त्या टिपण्याचा छंद आता महाराष्ट्रातही चांगलाच रुजला आहे. या चित्रांची गणना बहुधा शोभेच्या चित्रांत होते. त्यांचा इतिहास पाहिला तर मात्र असे दिसते, की खगोल छायाचित्रणाच्या आरंभी ही रेषा टाळण्याजोगा दोष मानली गेली, पुढे तिच्याकडून मोजमापाचे गंभीर काम करून घेतले गेले आणि तिचे सौंदर्य लोकांच्या नजरेत भरले ते त्यानंतर पुष्कळ वर्षांनी.

रेषा उमटण्याचे कारण पृथ्वीचे स्वतःभोवती फिरणे हे आहे. ताऱ्यांच्या संदर्भाने पृथ्वीची एक फेरी २३ तास ५६ मिनिटे ४ सेकंदांत पुरी होते. त्यामुळे आकाश ताशी सुमारे १५ अंश सरकताना दिसते आणि तासभर उघड्या राहिलेल्या कॅमेऱ्यात प्रत्येक तारा तेवढ्या अंशांचा कंस काढतो. या साऱ्या कंसांचा मध्य म्हणजे खगोलीय ध्रुवबिंदू. भागवताच्या पाचव्या स्कंधात ध्रुवाला खळ्यातल्या मेढीची, म्हणजे मळणीच्या वेळी बैल ज्याच्याभोवती फिरतात त्या खांबाची उपमा दिलेली आहे, आणि उत्तरेकडे रोखलेल्या कॅमेऱ्याचे चित्र पाहिल्यावर तिच्याइतकी नेमकी उपमा दुसरी सुचत नाही. तथापि ध्रुवतारा अगदी ध्रुवबिंदूवर नाही. आज तो तेथून सुमारे दोन-तृतीयांश अंश दूर असून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे अंतर सव्वा अंशाच्या घरात होते. म्हणून ध्रुवताराही स्वतःचा एक छोटा कंस काढतो, आणि या बारीकशा कंसाला पुढे अनपेक्षित महत्त्व आले.

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये जाहीर झाली आणि पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क येथे जॉन विल्यम ड्रेपर यांनी चंद्राचे चित्र घेतले. सूर्याखेरीज दुसऱ्या ताऱ्याचे पहिले छायाचित्र मात्र जुलै १८५० मध्ये निघाले. अमेरिकेतील हार्वर्ड वेधशाळेच्या १५ इंची दुर्बिणीतून विल्यम क्रँच बाँड आणि छायाचित्रकार जॉन अॅडम्स व्हिपल यांनी अभिजित ताऱ्याची प्रतिमा सुमारे १०० सेकंदांत मिळवली. अशा कामासाठी आकाशाच्या गतीने दुर्बीण फिरवणारे घड्याळयंत्र लागे, आणि ते जरा अडखळले की तारा लांबट होऊन चित्र वाया जाई. त्या काळी दीर्घ रेषा हेतुपुरस्सर काढणेही शक्य नव्हते, कारण १८५१ नंतर प्रचारात आलेली कलोडियनची काच ओली असेपर्यंतच प्रकाश टिपत असे आणि काही मिनिटांत वाळून निकामी होई. रिचर्ड लीच मॅडॉक्स यांनी १८७१ मध्ये सुचवलेली जिलेटिनची कोरडी काच दशकभरात सुधारली, तेव्हा ही अडचण दूर झाली. सप्टेंबर १८८० मध्ये हेन्री ड्रेपर यांनी मृग नक्षत्रातील तेजोमेघासाठी काच ५१ मिनिटे उघडी ठेवली.

या नव्या काचेचा सर्वांत कल्पक उपयोग हार्वर्डचे संचालक एडवर्ड पिकरिंग यांनी केला. १८८०च्या दशकात त्यांनी कित्येक वेळा दुर्बिणीचे घड्याळयंत्र मुद्दाम बंद ठेवले आणि ताऱ्यांना काचेवर रेषा काढू दिल्या. ताऱ्यांची तेजस्विता मोजणे हा त्यांचा हेतू होता. ठिपक्याचा आकार आणि काळेपणा दुर्बिणीच्या लहानसहान थरथरीनेही बदलतो, तर रेषेची घनता तिच्या सबंध लांबीवर तपासता येते; त्यामुळे दोन ताऱ्यांची तुलना अधिक विश्वासाने करता येते. यासाठी एक दुरुस्ती मात्र करावी लागे. ध्रुवाजवळचा तारा काचेवर संथपणे सरकतो आणि खगोलीय विषुववृत्तावरचा सर्वांत वेगाने, म्हणून सारख्याच तेजाचे दोन तारे या दोन ठिकाणी असतील तर ध्रुवाजवळच्या ताऱ्याची रेषा अधिक गडद उमटते. ताऱ्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्तापासूनचे त्याचे कोनीय अंतर, ठाऊक असले की हा फरक गणिताने काढून टाकता येतो. आजच्या छायाचित्रकारालाही हेच तत्त्व सांभाळावे लागते. ताऱ्याचा प्रकाश चित्रातील एका बिंदूवर क्षणभरच थांबतो, म्हणून झडप कितीही वेळ उघडी ठेवली तरी त्याची रेषा लांबते, उजळत नाही. आकाशाची पार्श्वभूमी मात्र सतत उजळत जाते. गावाबाहेरच्या गडद आकाशाशिवाय ही चित्रे साधत नाहीत, त्याचे कारण हेच.

पिकरिंग यांच्याच वेधशाळेत ध्रुवताऱ्याच्या त्या छोट्या कंसालाही काम मिळाले. ध्रुवाकडे रोखून कायमचा बसवलेला एक कॅमेरा संध्याकाळी उघडायचा आणि पहाटे मिटायचा, एवढीच कृती. आकाश निरभ्र असेल तर अखंड कंस मिळे आणि ढग आले की तो तेवढ्यापुरता तुटे. कंसाचा कोन म्हणजेच वेळ, त्यामुळे किती वाजता आभाळ आले आणि किती वाजता निवळले याची नोंद कोणी जागे नसतानाही होई. हवामानशास्त्रात रात्रीच्या ढगांच्या नोंदी नेहमीच अपुऱ्या असत, हे ध्यानात घेतले तर इतक्या साध्या साधनाने केवढी मोठी उणीव भरून काढली हे कळते.

खगोलशास्त्राचा मुख्य प्रवाह अर्थातच ताऱ्यांना ठिपके ठेवण्याच्या प्रयत्नात राहिला आणि त्यासाठी निरीक्षकांनी अपार कष्ट सोसले. एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील यर्कीज वेधशाळेत गोठवणाऱ्या हिवाळी रात्री दुर्बिणीला डोळा लावून काढल्या. घुमट गरम करण्याची सोय नसे, कारण उष्ण हवेच्या प्रवाहाने प्रतिमा थरथरतात. १८८७ मध्ये पॅरिस येथे ठरलेल्या आकाशनकाशाच्या आंतरराष्ट्रीय प्रकल्पात हैदराबादच्या निजामिया वेधशाळेने वाटा उचलला आणि दक्षिण क्रांतीच्या १७ ते २३ अंशांमधील पट्टा काचांवर उतरवला. नवाब जफर जंग यांनी १९०१ मध्ये उभारलेली ही वेधशाळा १९०८ मध्ये निजाम सरकारकडे आली. मराठवाडा तेव्हा याच संस्थानात होता, त्यामुळे या कामाचा महाराष्ट्राच्या इतिहासाशीही धागा जुळतो. याच वेधशाळेत काम करणाऱ्या गृहस्थांचे पुत्र वेणू बाप्पू यांनी १९४९ मध्ये हार्वर्डला घेतलेल्या काचेवर नवा धूमकेतू शोधला.

रेषेचे सर्वांत मोलाचे कार्य उल्कांच्या अभ्यासात घडले. प्राग येथे लाडिस्लाउस वाइनेक यांनी २७ नोव्हेंबर १८८५ रोजी उल्केचे पहिले छायाचित्र घेतले. पुढे कॅमेऱ्यासमोर फिरती झडप बसवून उल्केच्या रेषेचे ठरावीक काळाचे तुकडे पाडण्याची युक्ती निघाली, त्यामुळे वेग मोजता येऊ लागला. ७ एप्रिल १९५९ रोजी चेकोस्लोव्हाकियात प्रशिब्राम येथे पडलेल्या अशनीची, म्हणजे जमिनीवर पोचलेल्या उल्केच्या दगडाची, सूर्याभोवतीची कक्षा झ्डेनेक त्सेप्लेखा यांनी छायाचित्रांवरून काढली. पडलेल्या दगडाची अशी कक्षा तोवर कधीही निघाली नव्हती आणि ती लघुग्रहांच्या पट्ट्यापर्यंत जात होती. चेकोस्लोव्हाकियात १९६३ पासून उभ्या राहिलेल्या कॅमेऱ्यांच्या जाळ्यात रात्रभर उमटणाऱ्या ताऱ्यांच्या रेषा मोजपट्टीचे काम करू लागल्या. ज्यांची स्थाने आधीच ठाऊक आहेत अशा ताऱ्यांच्या आधारानेच उल्केचा मार्ग ठरवता येतो.

फिल्मच्या काळात तासन्‌तासांचे एकच चित्र घ्यावे लागे आणि मध्यरात्रीनंतर भिंगावर दव साचले की सारी रात्र फुकट जाई. डिजिटल कॅमेऱ्यात अर्ध्या-अर्ध्या मिनिटाची शेकडो चित्रे घेऊन संगणकावर एकत्र जोडतात, आणि थंडीचा येथे प्रत्यक्ष लाभ होतो, कारण प्रकाशसंवेदक तापला की चित्रात खोटे ठिपके वाढतात. महाराष्ट्रात डिसेंबरची रात्र सुमारे १३ तासांची असते, आकाशही बहुधा स्वच्छ असते. आकाशाचा अंधार मात्र झपाट्याने उणावतो आहे. म्हणूनच महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली, ही घटना मोलाची आहे.

हा इतिहास पाहता आज माळावर रात्र काढणाऱ्या प्रत्येक छायाचित्रकाराने चित्राबरोबर दिनांक, ठिकाण, झडप उघडल्याची व मिटल्याची अचूक वेळ आणि भिंगाचे माप लिहून ठेवावे, आणि जोडलेल्या चित्राइतकीच मूळ सुटी चित्रेही जपावीत. एखादी तेजस्वी उल्का त्यांत सापडली, तर या नोंदींवरूनच तिचा मार्ग काढता येईल.