नवजात अर्भकांचा आंत्रकोथ आणि प्रतिजैविके : एका रूढ उपचाराचा इतिहास

एखादा उपचार रूढ कसा होतो आणि तो सिद्ध कसा होतो, हे वैद्यकाच्या इतिहासातील दोन भिन्न प्रश्न होत. पुष्कळदा रूढी आधी येते व सिद्धता मागाहून, क्वचित ती येतही नाही. अकाली जन्मलेल्या अर्भकांना होणारा आंत्रकोथ, म्हणजे ‘नेक्रोटायझिंग एन्टरोकोलायटिस’, या दृष्टीने अभ्यसनीय आहे. या विकारात आतड्याची भित्ती मृत होऊ लागते, पोट फुगते, मलावाटे रक्त जाते, आणि भित्तीस छिद्र पडल्यास जंतू उदरपोकळीत उतरतात.

१९५३ मध्ये श्मिड व क्वायझर यांनी या विकाराचे वर्णन केले. तथापि त्याची ठळक ओळख पटली ती न्यूयॉर्कच्या बेबीज हॉस्पिटलमधील बर्डन (१९६४) व मिझराही (१९६५) आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लेखांमुळे. मिझराहींच्या सहलेखकांत विल्यम सिल्व्हरमन हे होते, ही गोष्ट लक्षणीय आहे. कारण याच सिल्व्हरमन यांनी १९५६ मध्ये एक अप्रिय निष्कर्ष प्रसिद्ध केला होता. संसर्ग टाळण्यासाठी पेनिसिलिन व सल्फिसोक्साझोल दिलेल्या अकालजात अर्भकांत, ऑक्सिटेट्रासायक्लिन दिलेल्यांच्या तुलनेने, मृत्यू अधिक होते आणि पित्तद्रव्याने मेंदूस होणारी इजाही अधिक होती. पाठोपाठ १९५९ मध्ये क्लोरॅम्फेनिकॉलही नवजातांस घातक ठरू शकते असे दिसून आले. रक्षणार्थ दिलेले औषधच मारक ठरावे, हा धडा तुलनात्मक चाचणीवाचून मिळाला नसता.

आंत्रकोथात प्रतिजैविके देण्यामागील तर्क मात्र सबळ होता. १९७५ मध्ये सान्तुली व सहकाऱ्यांनी आतड्याची रक्तपुरवठ्याअभावी झालेली इजा, जंतू आणि आतड्यातील अन्न अशी कारणत्रयी मांडली. १९७८ मध्ये बेल व सहकाऱ्यांनी विकाराच्या तीन पायऱ्या ठरवून उपचार त्यांच्याशी जोडले. दूध बंद करणे, नळीने जठर रिकामे ठेवणे आणि शिरेवाटे प्रतिजैविके देणे हा क्रम सर्वत्र स्थिरावला.

पण कोणते औषध द्यावे? येथे पुराव्याचा साठा आश्चर्यकारक रीतीने तोकडा आहे. १९८० मध्ये हॅन्सन व सहकाऱ्यांनी २० अर्भकांत जेंटामायसिन मुखावाटेही देऊन पाहिले. लाभ दिसला नाही. १९८८ मध्ये फे व सहकाऱ्यांनी ४२ अर्भकांत ॲम्पिसिलिन व जेंटामायसिन यांना क्लिंडामायसिनची जोड दिली. प्राणवायूवाचून वाढणाऱ्या जंतूंचा बंदोबस्त हा हेतू होता. परंतु कोथ वा छिद्र टळले नाही. उलट वाचलेल्या अर्भकांत आतडे अरुंद होण्याचे प्रमाण अधिक आढळले. २०१२ च्या कॉक्रेन समीक्षेत याच दोन चाचण्या, म्हणजे एकंदर ६२ अर्भके, विचारात घेता आली. तेवढ्यावरून कोणत्याही औषधयोजनेची शिफारस करणे समीक्षकांना शक्य झाले नाही.

दरम्यान प्रश्नाची दुसरी बाजू पुढे आली. २००९ मध्ये कॉटन व सहकाऱ्यांनी अत्यल्प वजनाच्या अर्भकांत जन्मानंतर लगेच सुरू केलेली प्रतिजैविके दीर्घकाळ चालू ठेवणे आणि पुढे आंत्रकोथ वा मृत्यू यांचा संबंध दाखविला. हा निरीक्षणातून दिसलेला संबंध आहे, कार्यकारणभाव नव्हे. अधिक आजारी अर्भकांनाच औषध अधिक काळ दिले गेले असणे शक्य आहे. तरीही आतड्यातील जंतुसृष्टी विस्कळीत करणे निरुपद्रवी नाही, ही शंका त्याने बळावली. उलट, १९९० मध्ये ल्यूकस व कोल यांनी ९२६ अकालजात अर्भकांच्या अभ्यासात दाखविले की, केवळ कृत्रिम दुधावर वाढणाऱ्यांत हा विकार केवळ मातृदुग्धावरील अर्भकांपेक्षा सहा ते दहा पट अधिक होतो. मुंबईत शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्येच मातृदुग्धपेढी सुरू झाली होती, हे येथे स्मरणीय आहे.

यावरून प्रतिजैविके अनावश्यक ठरतात असे नव्हे. छिद्र पडलेल्या आतड्याच्या अर्भकास ती नाकारण्याचे धाडस कोणीही करणार नाही. मात्र कोणते औषध व किती दिवस, याबाबतची निश्चितता ही बहुतांशी रूढीने दिलेली आहे, पुराव्याने नव्हे. हा भेद विसरल्यास काय घडते, हे १९५६ मध्येच स्पष्ट झाले होते.