हिंगण्याची भाऊबीज

भाऊबीज हा घरातला सण: बहीण ओवाळते, भाऊ ताटात ओवाळणी घालतो. पण जिला मंगलकार्यात पुढे येण्याचीच मुभा नव्हती, त्या विधवेची भाऊबीज कोणती?

धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ मध्ये गोदूबाई या विधवेशी विवाह केला, तेव्हा मुरुडकरांनी त्यांना वाळीत टाकले. १८९६ मध्ये त्यांनी पुण्यात अनाथ बालिकाश्रम स्थापन केला. १९०० मध्ये तो हिंगण्याला गेला. पुढे या संस्थेचे भाऊबीज सेवक दिवाळीत दारोदार जाऊन स्त्रीशिक्षणासाठी निधी जमवू लागले.

मला या नावाचे मोल मोठे वाटते. देणगी मागितली असती, तर देणारा दाता ठरला असता. ओवाळणी म्हटल्यावर तो भाऊ झाला आणि शिकणारीला बहिणीचा हक्क मिळाला.