अंधारातले नगर आणि वर चढणारा माणूस : मुक्तिबोध, तेंडुलकर आणि मणी कौल

राजनांदगावच्या दिग्विजय महाविद्यालयाची जुनी वास्तू मूळची तिथल्या संस्थानिकांची. एका अंगाला राणीसागर, दुसऱ्या अंगाला बूढासागर, आणि मध्ये हा वाडा. १९५८ साली गजानन माधव मुक्तिबोध येथे हिंदीचे अध्यापक म्हणून आले आणि याच वास्तूच्या एका भागात राहिले. त्या घरातला चक्राकार जिना अभ्यासकांना आवर्जून दाखवला जातो, कारण मुक्तिबोधांच्या कवितेत जिने, विहिरी, तळघरे आणि भुयारे यांची वस्ती फार मोठी आहे. रायपूरहून हे गाव सुमारे सत्तर किलोमीटरवर आहे. येथे अभ्यागत म्हणून आलेल्या मराठीच्या माणसाला प्रथम जाणवते ती गोष्ट अशी की, ज्याच्या घरात मराठी बोलली जात होती, ज्याचे धाकटे बंधू शरच्चंद्र मुक्तिबोध हे 'नवी मळवाट'चे कवी आणि मराठीतील महत्त्वाचे मार्क्सवादी समीक्षक होते, त्या कवीला मराठी वाङ्मयेतिहासात जागा मिळते ती बहुधा शरच्चंद्रांचे वडीलबंधू एवढीच. हिंदीने त्यांना आपले मानले. मराठीने ते हिंदीत गेले म्हणून सोडून दिले. तौलनिक अभ्यासाच्या दृष्टीने ही वाटणी घातक ठरली आहे, असे माझे मत आहे.

प्रस्तुत निबंधात विचार करावयाचा आहे तो एका मर्यादित प्रश्नाचा. 'अँधेरे में' या मुक्तिबोधांच्या दीर्घ कवितेत एक दुःस्वप्ननगरी उभी राहते. पाश्चात्त्य समीक्षा जिला डिस्टोपिया म्हणते, त्या जातीची ही नगरी आहे; मात्र ती भविष्यात नाही, कवीच्या खिडकीखाली आहे. मुक्तिबोधांच्या साहित्यावर मणी कौल यांनी १९८० साली 'सतह से उठता आदमी' हा चित्रपट केला. त्याच मणी कौल यांचा सहभाग त्याआधी १९७६ मध्ये 'घाशीराम कोतवाल'च्या चित्रपटात होता. एकात नागपूर-राजनांदगावची रात्र आहे, दुसऱ्यात नाना फडणविसांच्या पुण्याची. या दोन रात्री शेजारी ठेवल्या तर राजकीय रूपकाचे माध्यमांतर होताना वर्गसंघर्षाचे काय होते, हे पाहता येईल.

'अँधेरे में' मुक्तिबोधांच्या मृत्यूनंतर, १९६४ च्या नोव्हेंबरात, हैदराबादच्या 'कल्पना' मासिकात प्रसिद्ध झाली. कवी ११ सप्टेंबरला गेले होते. पहिला संग्रह 'चाँद का मुँह टेढ़ा है' हातात घेण्याचे भाग्यही त्यांना लाभले नाही. या कवितेतील मध्यवर्ती दृश्य मध्यरात्रीच्या मिरवणुकीचे आहे. निर्जन रस्त्यावरून बँड वाजत येतो, त्यामागे सैन्य, आणि सैन्याच्या रांगांत निवेदकाला ओळखीचे चेहरे दिसू लागतात : पत्रकार, समीक्षक, कवी, मंत्री, उद्योगपती, विद्वान, आणि त्यांच्याच बरोबरीने चालणारा शहरातला नामचीन खुनी डोमाजी उस्ताद. दिवसा हे सारे वेगवेगळ्या कचेऱ्यांत आणि व्यासपीठांवर असतात. रात्री ते एका रांगेत असतात. निवेदकाचा गुन्हा एवढाच की त्याने त्यांना उघडे पाहिले. पाहिले म्हणून त्याचा पाठलाग होतो, शहरात लष्करी कायदा लागतो, पुढे त्याला पकडून त्याच्या डोक्यात कोणते विचार आहेत याची झडती घेतली जाते.

या मिरवणुकीला रूपक म्हणायचे ते कोणत्या अर्थाने? सर्वसाधारण राजकीय रूपकात एका आकृतीमागे एक व्यक्ती दडलेली असते आणि वाचकाने ती ओळखली की काम संपते. मुक्तिबोधांच्या मिरवणुकीत कोणी दडलेलेच नाही. मंत्री हा मंत्रीच आहे, समीक्षक हा समीक्षकच आहे. रूपक आहे ते त्यांच्या एकत्र चालण्यात. वर्गसंबंध दिवसा दिसत नाहीत. ते दिसण्यासाठी कवीने रात्र निर्माण केली. म्हणूनच डोमाजी उस्ताद या नावाला महत्त्व आहे. बाकी सारे हुद्द्यांनी येतात, नाव एकट्या गुंडाला आहे. (डोमाजी हे नाव विदर्भातल्या कानाला परके नाही, हेही नमूद केले पाहिजे.)

मुक्तिबोध १९४८ ते १९५८ ही दहा वर्षे नागपुरात होते. प्रथम सरकारच्या माहिती खात्यात, मग आकाशवाणीत, शेवटी 'नया खून' या साप्ताहिकात. एम्प्रेस मिलच्या कामगारांवर झालेला गोळीबार त्यांनी बातमीदार म्हणून पाहिला आणि त्याचे सावट या कवितेवर आहे, असे त्यांचे समकालीन सांगत आले आहेत. दुसरे कारण नेहमी सांगितले जाते ते १९६२ चे. त्या वर्षी त्यांच्या 'भारत : इतिहास और संस्कृति' या पाठ्यपुस्तकावर मध्य प्रदेश शासनाने बंदी घातली. हा आघात मोठा होता यात शंका नाही. परंतु कवितेचे लेखन १९५७ पासून चालू होते, तेव्हा बंदीतून कविता जन्मली असे म्हणणे कालक्रमाला धरून नाही. बंदीने कवीला त्याची दुःस्वप्ननगरी खरी असल्याचे प्रमाणपत्र दिले, इतके म्हणता येईल.

कवितेतील टिळकांच्या पुतळ्याविषयी मराठी वाचकाला विशेष कुतूहल वाटावे. निवेदक पळत असताना टिळकांचा पाषाणपुतळा हलतो, त्यातून ठिणग्या उडतात आणि त्याच्या नाकातून रक्त वाहू लागते. पुढे गांधी भेटतात आणि एक मूल त्याच्या स्वाधीन करतात. खांद्यावरचे ते मूल आधी सूर्यफुलांचा गुच्छ आणि मग बंदूक होते. हिंदी समीक्षेने या प्रसंगांची चर्चा राष्ट्रीय प्रतीके म्हणून केली आहे. पण टिळक हिंदीत आले कोणत्या वाटेने, हे रायपुरात बसून विसरता येत नाही. १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ़ मित्र' काढणारे आणि १९०७ साली नागपूरहून 'हिंदी केसरी' चालवणारे माधवराव सप्रे हे मराठीभाषकच. 'गीतारहस्य' आणि 'दासबोध' त्यांनी हिंदीत नेले. १९०८ मध्ये त्यांना अटक झाली आणि माफीनामा देऊन त्यांना सुटावे लागले. ती बोच त्यांना आयुष्यभर राहिली. सुशिक्षित माणसाला सत्तेपुढे कोठे वाकावे लागते आणि त्याची किंमत तो स्वतःच्या मनात कशी मोजतो, हा मुक्तिबोधांच्या कवितेचा गाभा या प्रदेशात त्यांच्या आधी पन्नास वर्षे एका मराठी माणसाने जगून झाला होता. रक्ताळलेला टिळकपुतळा वाचताना मला सप्रे आठवतात. हा प्रभावाचा दावा नव्हे, संदर्भाचा आहे.

आता पुण्याच्या रात्रीकडे वळू. तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' डिसेंबर १९७२ मध्ये पुण्याच्या प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनने रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन जब्बार पटेलांचे, संगीत भास्कर चंदावरकरांचे. विरोध झाला, प्रयोग थांबले, आणि थिएटर ॲकॅडमीने ते पुन्हा उभे केले. ऐतिहासिक घाशीराम १७७७ ते १७९१ पुण्याचा कोतवाल होता. कोठडीत गुदमरून तेलंगी ब्राह्मण मेले आणि क्षुब्ध जमावाने त्याला दगडांनी ठेचले. तेंडुलकरांनी या घटनेला स्त्री-देहाच्या सौद्याची जोड दिली : घाशीराम आपली मुलगी नानांना देतो आणि कोतवाली घेतो. मग पुण्यात रात्री परवान्याशिवाय घराबाहेर पडणे गुन्हा होतो. माणसाचे प्रत्येक साधे कृत्य परवान्याच्या कक्षेत येते. हीही दुःस्वप्ननगरीच, फरक एवढाच की ती इतिहासाच्या वेषात आहे.

हे नाटक चित्रपटात आणले ते फिल्म इन्स्टिट्यूटच्या माजी विद्यार्थ्यांच्या 'युक्त' या सहकारी संस्थेने. के. हरिहरन, मणी कौल, सईद मिर्झा, कमल स्वरूप ही त्यातली नावे. पटकथा स्वतः तेंडुलकरांची. नाना मोहन आगाशे, घाशीराम ओम पुरी. वर्ष १९७६, म्हणजे आणीबाणीच्या ऐन मध्यात. नाटक लिहिले गेले तेव्हा जे रूपक सत्ताधाऱ्यांनी आपल्या सोयीसाठी वाढवलेल्या आणि मग फेकून दिलेल्या माणसांविषयी होते, ते चार वर्षांनी परवान्याच्या राज्याविषयीचे झाले. संहितेतील शब्द बदलावे लागले नाहीत. भोवतालचा काळ बदलला.

आणि तरीही या रूपकात एक पोकळी आहे. नाटकाचे सर्वांत गाजलेले रंगतंत्र म्हणजे ब्राह्मणांची रांग : ती कधी भिंत होते, कधी पडदा, कधी जमाव. रंगमंचावर हे विलक्षण प्रभावी ठरते. पण विचार करता लक्षात येते की या पुण्यात सत्ता, सत्तेचा बळी आणि सत्तेचे प्रेक्षक असे तिघेही जवळजवळ एकाच थरातले आहेत. खालचा वर्ग येतो तो परवाना मागणारा म्हणून, क्षणभर. घाशीराम वर चढतो, नाना त्याला वर चढू देतात, आणि जमाव त्याला खाली खेचतो. पण या शिडीला खालून कोण धरून उभे आहे, हे नाटक विचारत नाही. तेंडुलकरांचा विषय हिंसा होता, श्रम नव्हे. ही त्यांची मर्यादा मानायची की त्यांच्या निवडीचा हक्क, यावर वाद होऊ शकतो. माझ्यापुरते, वर्गसंघर्षाचे नाटक म्हणून 'घाशीराम'चा गौरव करणाऱ्यांशी मी सहमत नाही.

याच सुमारास, १९७९ मध्ये, 'सिंहासन' आला. अरुण साधूंच्या 'मुंबई दिनांक' आणि 'सिंहासन' या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनीच पटकथा केली. तेथे कामगारनेता डिकास्टा आहे, संप आहे, म्हणजे वर्गसंघर्ष उघडपणे आहे. आणि तो मुख्यमंत्र्यांच्या खेळातली एक सोंगटी ठरतो. सारे पाहून चुकलेला पत्रकार दिगू टिपणीस शेवटी वेड्यासारखा हसू लागतो. मुक्तिबोधांच्या कवितेतही एक वेडा आहे : वडाखाली बसून तो स्वतःच्या वर्गाला, म्हणजे आपल्याला, जाब विचारणारे गाणे गातो. दिगूला पाहिल्याने वेड लागते. मुक्तिबोधांच्या वेड्याला वेड लागल्यामुळे दिसू लागते. दोन्ही साहित्यांतील मध्यमवर्गीय विवेकाचा फरक या दोन वेड्यांत सापडतो.

'सतह से उठता आदमी' ही मूळची मुक्तिबोधांची कथा. तिच्यातला कृष्णस्वरूप दारिद्र्यातून वर आला आहे, आणि त्याचे वर येणे त्याच्या जुन्या मित्राला, कन्हैयाला, आनंदाऐवजी अस्वस्थता देते, कारण या उन्नतीला कोणाचा तरी हात लागला आहे आणि त्या हाताने काहीतरी काढूनही घेतले आहे. घाशीराम आणि कृष्णस्वरूप यांची तुलना कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही. ती व्हायला हवी. एक मुलगी देऊन चढतो, दुसरा कोणाच्या नजरेत न भरणारी, आतली एखादी गोष्ट देऊन. पहिल्याच्या व्यवहाराला रक्त आहे, म्हणून तो नाट्यमय आहे. दुसऱ्याच्या व्यवहारात रक्त नाही, म्हणून तो रोजचा आहे, आणि म्हणून अधिक भयंकर.

मध्यप्रदेश कला परिषदेच्या साहाय्याने कौल यांनी चित्रपट केला तो या एका कथेचा नव्हे. कविता, डायरी, निबंध, कथा यांतले मुक्तिबोध त्यांनी रमेश या व्यक्तिरेखेच्या मुखी घातले आणि तिच्यासमोर माधव व केशव हे दोन मित्र ठेवले. 'एक साहित्यिक की डायरी' वाचणाऱ्यास केशव आधीच भेटलेला असतो. रमेशचे काम भरत गोपींनी केले आणि ध्रुपदाचा स्वर झिया फरीदुद्दीन डागर यांचा. १९८१ मध्ये चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला. ज्या शासनाने १९६२ मध्ये कवीचे पुस्तक रोखले, त्याच राज्याच्या संस्थेने अठरा वर्षांनी त्याच्या साहित्यावर चित्रपट काढण्यास हातभार लावला. मिरवणुकीत कवींनाही स्थान असते, हे मुक्तिबोधांनी लिहूनच ठेवले होते.

कौल यांना भय निर्माण करावयाचे नाही. पात्रे संथपणे चालतात, बोलतात, आणि मुक्तिबोधांचे शब्द अभिनयाच्या उष्णतेशिवाय उच्चारले जातात. यात काय गमावले ते स्पष्ट आहे. 'अँधेरे में' वाचताना छातीत होणारी धडधड येथे नाही, पाठलाग नाही. नुकत्याच संपलेल्या आणीबाणीनंतर त्या मिरवणुकीचे भव्य दृश्य करणे कोणालाही सुचले असते, आणि प्रेक्षकाने एकेक चेहरा ओळखून समाधान मानले असते. तो मोह कौल यांनी टाळला असे मी समजतो. 'घाशीराम'च्या चित्रपटातून आलेल्या माणसाला रूपक किती लवकर कोड्यात बदलते याचा अनुभव होता.

पण चित्रपट जसजसा पुढे जातो तसतशी कथा विरळ होते आणि शेवटाकडे कॅमेरा कारखान्यात जातो. दीर्घ, जवळजवळ शब्दहीन दृश्ये : यंत्रे आणि काम करणारी माणसे. दीड तास मध्यमवर्गीय सुशिक्षितांनी वर्गाविषयी बोलून झाल्यावर तो वर्ग पडद्यावर येतो आणि बोलत नाही. मुक्तिबोध राजनांदगावला आले त्याच सुमारास भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली, फेब्रुवारी १९५९ मध्ये. त्यांच्या गावात बंगाल-नागपूर कॉटन मिल होतीच, जिथे १९२० मध्ये ठाकूर प्यारेलाल सिंह यांच्या नेतृत्वाखाली मोठा संप झाला होता. कारखाना हा त्यांच्या कवितेच्या क्षितिजावर सतत धगधगतो. कौल यांनी तो क्षितिजावरून उचलून मध्यभागी आणला, आणि रूपक थांबवले.

रायपुरात हा चित्रपट विद्यार्थ्यांना दाखवला तेव्हा भिलाईहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याने मला विचारले की, या माणसांना बोलू का दिलेले नाही. मी मणी कौल यांच्या सौंदर्यविचाराविषयी काही सांगितले. तो म्हणाला, ते ठीक आहे सर, पण १ जुलै १९९२ ला भिलाईच्या रेल्वेरुळांवर कामगारांवर गोळीबार झाला तेव्हाही मेलेल्यांचे म्हणणे कोणी विचारले नव्हते. मला वाटले, निदान इथे विचारतील. त्याच्या आक्षेपाचे उत्तर मला अजून देता आलेले नाही. आता तो चित्रपट लावतो तेव्हा कारखान्याच्या दृश्यमालिकेआधी मी थांबत नाही, काही सांगत नाही, आणि ती संपल्यावर प्रथम त्या बाकावरच्या मुलांना बोलू देतो.